पाहुण्यांचं ताट

रावपुऱ्यातल्या स्नेहलताबाईंनी उभा जन्म स्टीलच्या ताटात जेवून काढला होता. नव्या सुनेने, मनालीने, केबलवरची जाहिरात बघून मेलामाइनचा डिनर सेट आणला, तेव्हा बाईंनी त्यातल्या वाटीत मुद्दाम कडकडीत फोडणी ओतली. वाटी करपली, घरभर घाण वास सुटला.

"हे विष माझ्या घरात नको!" म्हणत त्या तरातरा बाजारात गेल्या आणि स्टीलची जाड ताटं नावं कोरून घेऊन आल्या. नवऱ्याचं, मुलाचं, स्वतःचं. मनालीसाठी आणलेल्या ताटावर मात्र कोरलं होतं, 'पाहुणे'.

मनालीने ते वाचलं. रात्री जेवताना तिने तेच ताट सासूबाईंच्या पाटापुढे मांडलं, शिगोशीग वाढलं आणि पाहुण्यांना म्हणतात तशी गोड आवाजात गुजरातीत हाक मारली, "आवो, बेसो! संकोच करू नका. आपलंच घर समजा."