कपाटात अडकलेला जानेफळचा पोट्टा

आमच्या गावात वाचनालय आहे. पुस्तकंही भरपूर आहेत. पण ती कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. बाहेर टेबलावर एक पेपर असतो, तो चार जण चार तुकडे करून वाचतात. मी कितीदा गेलो, माझ्या वाट्याला नेहमी जाहिरातींचं पान आलं.

मी चौथीत शाळा सोडली. बायको सातवी शिकलेली. तिच्यासाठी मात्र कपाट उघडायचं, कारण वाचनालयवाला तिच्या तोंडाला भ्यायचा. दुपारी जेवण झालं की मी ओसरीवर तुरी निवडत बसायचो आणि ती मोठ्यानं वाचायची. मी मधेमधे बोलायचो, हे खरं. एकदा तिनं एक पुस्तक आणलं, त्यात पहिल्याच पानावर खाडी. मी विचारलं, "खाडी म्हंजे नदी का?" ती म्हणाली, नाही. "तळं?" नाही. "मंग पाणी कुठून येते?" तिनं सांगितलं, समुद्रातून. पुढं होडी आली, मग भरती आली. मी आपला विचारतच राहिलो.

"तुमी तुरीच निवडा," म्हणाली, आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं वेगळीच गोष्ट काढली. जानेफळचा एक पोट्टा लोणारच्या पलीकडं पोरगी पाहायला निघतो. पायात भाटव्याचे, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचे जोडे, तेही एक माप मोठे. लोणारच्या स्टँडवर पुढची गाडी हलते, हा मागं पळतो, एक जोडा चिखलात रुततो आणि गाडी निघून जाते. आता हा एका जोड्यानिशी स्टँडवर बसला. सकाळशिवाय गाडी नाही. पोरीच्या घरचे वाट पाहून राहिले.

"मंग?" मी म्हणालो.

"मंग उद्या. माह्या छातीत कसंतरी होऊन राह्यलं."

तो उद्या आलाच नाही. दवाखान्यातून ती घरी आली ती तशी.

तेरवी झाली आणि सुनेनं घर आवरलं. सून फार टापटिपीची. वाचनालयाचं पुस्तक तिनं परतही करून टाकलं. कोणतं होतं विचारलं तर म्हणते, "बाबा, खाकी कवर व्हतं." वाचनालयातल्या सगळ्याच पुस्तकांना खाकी कवर आहे.

मी वाचनालयात गेलो.

"किताबीचं नाव काय?" वाचनालयवाल्यानं विचारलं.

"तिले माहीत व्हतं."

"लिहिलं कोणं?"

"तेबी तिलेच माहीत."

"मंग तुमाले काय माहीत हाय?"

मी पोट्ट्याची सगळी गोष्ट सांगितली. तो हसला. म्हणाला, "बाबा, जानेफळवर कोणं कादंबरी लिहिली असती तं जानेफळवाल्यायनं बँड लावून मिरवणूक काढली असती. तुमची बुढी मनानं सांगत असन."

"ती पानं पलटत व्हती बे. मनातल्या गोष्टीले पानं असतात का? कपाट उघड, मी पाह्यतो."

"कपाट असं कोणासाठीबी उघडत नाही. पुस्तकं खराब होतात."

"वाचणाऱ्यासाठी तरी?"

"वाचणारे पेपर वाचतात."

किती चकरा मारल्या. किल्ली घरी राहिली, किल्ली अध्यक्षाकडं आहे, कपाटाचं दार फुगलं. मला तर वाटायचं, हा माणूस दाराच्या कडीला बांधलेला आहे.

मग एक दिवस तोच माझ्या ओसरीवर आला. आवाज गोड. "बाबा, उद्या या बरं. तपासणीचे साहेब येऊन राह्यले. चार माणसं वाचत बसलेली पाह्यजे. पोहे हायेत."

"कपाट उघडं राह्यन?"

"राह्यन."

"मंग पोह्यायची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी फरशी धुतलेली, उदबत्ती लावलेली. गावातले तिघं पुस्तक नाकासमोर धरून सोयाबीनचा भाव बोलत होते. मी बसलोच नाही, थेट कपाटाशी गेलो. एक पुस्तक काढायचं, पहिल्या पानावर बोट ठेवून वाचायचं, जानेफळ दिसलं नाही की परत ठेवायचं. वाचनालयवाला डोळ्यांनी खुणावत होता, बसा म्हणून. साहेब आले आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "हे खरे वाचक." वाचनालयवाल्याला मान हलवावीच लागली.

अर्धं कपाट झालं आणि खाडीवालं ते पुस्तक हातात आलं. पहिल्याच पानावर ओळखलं. म्हटलं, ही बला इथंच आहे अजून. ठेवून देणार होतो, पण ते मधेच उघडलं. एक पोट्टा होडीमागं पळून राहिला होता. पायात भाटव्याचे जोडे, एक चिखलात रुतला.

मी खालीच बसलो. होडी म्हणजे एस.टी. खाडी म्हणजे लोणार. मला खाडी कळेना, म्हणून बाईनं सगळा पोट्टाच जानेफळला आणून ठेवला आणि मला पत्ता लागू दिला नाही. सांगायला काय झालं होतं? मी या माणसाचे उंबरे झिजवले नसते.

साहेब निघाले तसा वाचनालयवाला कुलूप घेऊन आला. "ठेवा बाबा आता, झालं."

"साहेब गाडीत बसायचे हायेत आजून. हाक मारू का?"

त्यानं कुलूप टेबलावर ठेवलं आणि पुस्तक माझ्या नावावर लिहिलं. "वापस कधी देसान?"

"पोट्टा पोचला की."

आता दुपारी ओसरीवर मीच वाचतो, मोठ्यानं, बोट ठेवून. होडी आली की एस.टी. म्हणतो. मासळीला वांगे म्हणतो. भरतीला काय म्हणावं ते सुचत नाही, ते सोडून देतो. सकाळची होडी मिळाली, पोट्टा बसला. पण पलीकडच्या ज्या गावात ती पोरगी आहे, ते गाव आपल्याकडचं कोणतं? हिवरा आश्रम म्हणून पाहिलं, बसत नाही. तिथं आमची सोयरीक आहे, पुस्तकातल्या पोरीच्या घरच्यांएवढी घमेंडी माणसं तिथं नाहीत. मेहकर म्हटलं तर लई मोठं होते, आणि दोन्ही लोणारच्या अलीकडंच. तिनं चटकन सांगितलं असतं, वाचतावाचता, वर न पाहता.

परवा वाचनालयवाला रस्त्यात भेटला. "बाबा, पुस्तक?"

"पोट्टा गाडीतच हाय आजून," मी म्हणालो. "उतरवू कुठं?"