वर्तकबाईंचं ‘उड्डाण नाही’

माझ्या पहिल्याच हवामान-अंदाजातला ‘शक्यता’ हा शब्द वर्तकबाईंनी खोडरबराने पुसला. म्हणाल्या, “शक्यता लिहून आपण घरी जातो गं. विमानातले कुठे जातात?”

गुडगावात काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. आमचं संशोधन-विमान चैत्र-वैशाखात आंधीच्या, म्हणजे धुळीच्या वादळाच्या, आधीची हवा मोजायला निघायचं आणि आंधी पोचण्यापूर्वी त्याला परतावं लागायचं. जायचं की नाही, हे बाई ठरवत. नवा कोरा कॉम्प्युटर आला होता, तरी त्या रोज सकाळी पश्चिमेकडच्या हिसार-सिरशाला फोन लावत. “भाईसाहब, धूल किस तरफ से उठ रही है?” मग पेन्सिलीने नकाशा काढायला बसत.

एकदा परदेशी पाहुणे विमानातून जायचे होते. बाईंनी लिहिलं, ‘आंधी तीनला. उड्डाण नाही.’ तीन वाजले, पाच वाजले, पान हललं नाही. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी सगळ्यांसमोर बाईंचं हसं केलं. बाईंनी रजिस्टरात ‘अंदाज चुकला, चूक माझी’ असं लिहून सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘उड्डाण नाही’!

“मॅडम, आज भी?” साहेब भडकले. “गेस्ट कल जा रहे हैं. ‘संभावना’ लिख दीजिए, बाकी मैं देख लूँगा.”

“कल की गलती छुपाने के लिए आज छह लोग ऊपर भेज दूँ?”

“आज गलत निकलीं, तो कल इस टेबल पर आप नहीं होंगी.”

“बिल्कुल,” बाई म्हणाल्या आणि कागद थेट वैमानिकाच्या हातात दिला. त्याने तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि साहेबांना सांगितलं, “सर, मैं नहीं जाऊँगा.”

पावणेचारला पश्चिमेकडून काळी आंधी आली. भर दुपारी दिवे लावावे लागले, पत्रे उडाले, धावपट्टी दिसेनाशी झाली. विमान हँगरमध्ये सुखरूप होतं. मला नाचावंसं वाटत होतं, पण बाई रजिस्टरात आंधीची वेळ टिपत होत्या.

“बाई, आज चुकला असतात तर?”

“तर उद्या ‘नाही’ लिहायला तू असतीस. लिहिलं असतंस?”

मी गप्प बसले. बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या गप्प बसण्याची लाज अजून वाटते, आणि तिच्याच जोरावर आजवर तीन साहेबांना मी तोंडावर ‘नाही’ म्हटलंय.