छोट्या अक्षराचा डबा

जगातल्या यच्चयावत वस्तू केवळ क्रमाने लावल्या जाण्यासाठी जन्माला आल्या आहेत, अशी श्रद्धा बाळगणारा एकच माणूस मला ठाऊक आहे आणि दैवाने तो मला साडू म्हणून दिला. हडपसरच्या एका कंपनीत तो डेटाबेस सांभाळतो. पगार मिळाला नसता तरी सांभाळला असता. त्याच्या फ्रिजमध्ये आधी कारली, मग कोबी, मग गवार. मध्येच कोणी काकडी आणली की पुढच्या सगळ्या भाज्या एकेक घर सरकतात. एकदा स्वारगेटला बसच्या रांगेत त्याने लोकांना आडनावं विचारून वर्णानुक्रमे उभं केलं. कमाल म्हणजे लोक उभेही राहिले. तेवढ्यात बस आली आणि रांगेत नसलेल्यांना घेऊन निघून गेली.

या गुणापायीच त्याचं आणि सासूबाईंचं बिनसलं. आमच्या सासूबाई मूळच्या मांजरी गावच्या शेतकरी घरातल्या, आता हडपसरला डबे करून देतात. मी थोरला जावई, त्यामुळे मला रोज त्यांच्या हातचा डबा. साडू मात्र कँटीनमध्ये जेवतो, कारण लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत त्याने त्यांचे मसाल्याचे डबे अक्षरांप्रमाणे लावून दिले. सासूबाईंचा हात सवयीने मिठाच्या जागी गेला आणि तिथे साखर होती. त्या दिवशीचं मटण मी केवळ नात्याखातर दोनदा मागून घेतलं. "धाकलं जावईबापू मानूस ग्वाड हाय," सासूबाई म्हणाल्या, "पर माझ्या चुलीजवळ नगं." अख्ख्या हडपसरला डबा आणि आपल्यालाच नाही, हे त्याला फार लागलं. एक ना एक दिवस आईंचा डबा मिळवायचाच या जिद्दीने त्याने त्यांच्या धंद्यासाठी डेटाबेस करायला घेतला.

सासूबाईंच्या गिऱ्हाइकांच्या डब्यांची झाकणं माझ्या बायकोने शाळेत असताना ऑइलपेंटने रंगवलेली. प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर. मोठं अक्षर म्हणजे तिखट डबा, छोटं म्हणजे फिका. मोठा 'के' हा आयटीतला एक ब्रह्मचारी, तर छोटा 'के' म्हणजे कालव्याजवळ एकटे राहणारे, पथ्यावर असलेले एक निवृत्त काका. अक्षरं संपली की गिऱ्हाईक घेणं बंद. साडूने दोन तक्ते केले, एकात गिऱ्हाइकं आणि दुसऱ्यात रोज जाणारे डबे, आणि अक्षराच्या आधारे ते एकमेकांना जोडले. सकाळी यादी छापून यायची, कामाच्या बायका त्याप्रमाणे डबे भरायच्या. सासूबाई चक्क "बरं हाय" म्हणाल्या. साडूने मला ते फोन करून कळवलं.

पण यादीत आधी सगळी मोठी अक्षरं यायची आणि मग सगळी छोटी. मोठा 'ए' अगदी वर आणि छोटा 'ए' पार तळाला, हे त्याला बघवेना. संगणकात मजकूर लावण्याची एक सेटिंग असते म्हणे. कोण आधी, कोण नंतर, हे ती ठरवते. आणि मोठं-छोटं अक्षर एकच मानायचं की वेगळं, हेही तीच ठरवते. एवढा जाणकार माणूस, पण क्रम दिसला की त्याला बाकी काही दिसत नाही. रविवारी त्याने दोन्ही तक्त्यांची जोडणी सोडवली आणि सेटिंग बदलायला घेतली. संगणक अडून बसला, एकच गिऱ्हाईक दोनदा कसं? "दुबार नोंदी!" म्हणत साडूने छोट्या अक्षरांची गिऱ्हाइकं पुसली आणि तक्ते पुन्हा जोडले. छोट्या अक्षरांचे सगळे डबे बिनबोभाट मोठ्यांच्या नावावर चढले.

सोमवारी सासूबाई मांजरीला बारशाला गेलेल्या. बायकांनी यादीबरहुकूम डबे भरले. मोठ्या 'के'ला दोन डबे गेले, दोन्ही तिखटजाळ. त्याने दोन्ही संपवले आणि चकार शब्द काढला नाही. दुपारी साडूला काकांचा फोन आला. "अहो, आम्ही अजून आहोत. आपल्याकडे काही वेगळी बातमी आली असेल तर कळवा, म्हणजे तसं वागता येईल."

साडू रडकुंडीला आला. रजा टाकून त्याने स्वतः मुगाची खिचडी शिजवली आणि स्कूटरवरून घरोघरी नेऊन देत माफी मागितली. रात्रीतून सेटिंग पूर्ववत करून नावंही परत घातली. "आता आईंचा डबा विसरायचा," तो मला म्हणाला, आणि मला खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून काकांचा डबा तो ऑफिसला जाताना स्वतः नेऊन देऊ लागला. नोंद शाबूत आहे की नाही हे डोळ्यांनी बघितलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. स्कूटरचा आवाज आला की काका आतूनच ओरडत, "आहे, आहे!" मग दोघं पायरीवर बसून गप्पा मारत आणि साडूला रोज ऑफिसला उशीर होई.

दिवाळीनंतर काका कायमचे मुलीकडे नागपूरला गेले. रिकामा डबा परत देताना म्हणाले, "माझं नाव काढायचं असेल, तर या वेळी विचारून काढा."

साडूने विचारलं नाही आणि काढलंही नाही. पुढच्याच आठवड्यात सासूबाईंनी यादीवर बोट ठेवलं. "जावईबापू, छोटा 'के' अजून हाय व्हय?"

"आई, काढवत नाही हो."

सासूबाईंनी फळीवरून काकांचा डबा काढला आणि भरला. "नाव हाय तर डबा बी जायाला पायजे. घ्या, तुमी खा."

तेव्हापासून तिखटाशिवाय घास न उतरणारा माझा साडू रोज दुपारी दुधीची फिकी भाजी खातो. आईंना सांगून एखादी मिरची घालून घे, असं मी सुचवून पाहिलं. "नको रे," तो म्हणाला, "काका अचानक परत आले तर चव तीच लागली पाहिजे." मी घरी येऊन माझा डबा नीट पाहिला. इतकी वर्षं रोज येतो, पण त्याच्या झाकणावर कुठलंच अक्षर नाही.