घरचं पाणी

किस्से कुणी गोळा करायला निघत नाही. बादली घेऊन निघा, ते आपसूक मागं येतात. मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो. एवढ्या गर्दीत जेवढे जमले नाहीत, तेवढे या दगडांपाशी जमले.

दगड म्हणजे शहीद जवानांची स्मारकं. अकोट, तेल्हारा आणि परतवाड्याकडच्या गावांत मिळून अकरा आहेत. पंधरा ऑगस्टला त्यांना हार पडतात. मग हार वाळतात, वर कावळे बसतात, कुणी बैलही बांधतं. आम्ही चौघं महिन्याच्या शेवटच्या रविवारी जीप काढतो आणि त्यांना धुऊन येतो. चौघं म्हणजे रिटायर झालेले वानखडे हवालदार, रफिक पेंटर, लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवणारा शालिक आणि मी. आम्हाला हे काम कुणी सांगितलेलं नाही. हवालदार निघाले, आम्ही मागं लागलो.

*

हवालदार याला सफाई म्हणत नाहीत. "आज तिघायचं आंग धुणं हाय," म्हणतात. आंग धुणं म्हणजे आमच्याकडे आंघोळ.

पहिल्या रविवारी मी मोठ्या हौशीनं अकोटहून फिल्टरच्या पाण्याचे दोन जार नेले. हवालदारांनी ते मला एका लिंबाच्या बुडाशी ओतायला लावले.

"कंडक्टर साहेब, माणूस सुट्टीवर गावी आला तर आंग कोनाच्या पाण्यानं धुते? घरच्या. जा त्याच्या घरी. माय असन तर मायले म्हणा, बायको असन तर बायकोले म्हणा, पाणी द्या."

"अन् घरच्यायनं नाई देल्लं तर?"

"तर कोरड्या फडक्यानं पुसाचं. उसनं पाणी नाई."

मला वाटलं, हा माणूस मिल्ट्रीतून सुटला, पण मिल्ट्री काही याच्यातून सुटली नाही. पुढं कळलं की पाणी मागितलं म्हणजे घरची माणसं बोलायला लागतात. हार मागून कुणी बोललं नसतं.

दहा घरं पाणी देतात. अकरावं देत नाही. ते तेल्हाऱ्याकडच्या एका गावात, यमुनाबाईंचं. त्यांच्या मुलाची पेटी घेऊन हवालदारच आले होते. दोघं एकाच पलटणीतले. बाई म्हणाल्या, तोंड दाखवा. पेटी उघडायची नाही असा वरून हुकूम होता. हवालदार झाकणावर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी त्या माउलीला मागं सारलं. याला नऊ वर्षं झाली.

आम्ही जायला लागून सात झाली. दर खेपेला हवालदार त्या दारात उभे राहून म्हणतात, "माय, पाणी द्या." दार उघडत नाही. पाच मिनिटं थांबतात, परत येतात, कोरडं फडकं मारतात. पावसाचं सोडलं तर त्या दगडाला पाणी लागलेलं नाही.

*

रफिकभाईची गोष्ट वेगळी. त्याचा हात दुकानांच्या पाट्यांवर बसलेला. एका गावात जवानाच्या नावावरचा रंग उडाला होता, म्हणून हा सकाळीच एकटा बसला आणि झोकात नाव काढलं. आम्ही जाऊन बघतो तर नावाच्या आधी 'प्रो. प्रा.'!

हवालदारांच्या कपाळाची शीर उडायला लागली. घाईत रफिकभाईला टर्पेंटाइनची बाटली उघडेना. तेवढ्यात जवानाचे वडील पाण्याची बादली घेऊन आले. चष्मा वर करून त्यांनी एकेक अक्षर वाचलं.

"राहू द्या आजच्या दिवस," ते म्हणाले. "सुट्टीवर आला का म्हणे, रिटायर झालो का चौकात दुकान टाकतो."

दुसऱ्या दिवशी रफिकभाई स्वतःच्या सायकलवर जाऊन ते पुसून आला. त्या पाटीचा फोटो मात्र वडिलांनी मोबाइलवर काढून ठेवला आहे आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवतात.

*

शालिकनं मानवंदनेची धून मोबाइलवर ऐकून ऐकून बसवली; दगड धुऊन झाला की वाजवतो. एकदा परतवाड्याकडच्या गावात सरळ बँडच्या ड्रेसमध्येच आला, कारण तिथून त्याला वरात गाठायची होती. लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर गोंडे. त्या दिवशी गावानं खुर्च्या मांडल्या होत्या. सरपंचानं त्याला सलाम ठोकून पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मी सांगायला उठलो, तर हवालदारांनी माझा शर्ट ओढला.

"बसू द्या. एवढे बिल्ले तर आमच्या कर्नललेही नोते."

धून चालू असतानाच वरातीकडून फोनवर फोन. संपल्यावर शालिकनं उचलला. नवरदेवाचा बाप नुसता तापलेला. शालिक म्हणाला, "काका, शहीद जवानाच्या इथी उभा हाय. सोडून कसा येऊ?" पलीकडून आवाज आला, "सावकाश या. नवरदेव घोड्यावर बसून राहिला, बसू द्या."

*

हवालदारांचीही एकदा जिरली, ते सांगायलाच हवं. त्यांना कुणी राम राम घालो, सलाम घालो, उत्तर एकच, "जय हिंद." एका जवानाचे वडील, दारावर पंचशील झेंडा, पाण्याची घागर देताना म्हणाले, "जय भीम." हे म्हणाले, "जय हिंद." असं तीनदा झालं. बाबांनी घागर खाली ठेवली.

"पोरगं तुमच्या जय हिंदले देल्लं, बावा. एक जय भीम तर घ्या माह्याकडून."

हवालदारांनी टोपी काढली. आता त्या घरी 'जय भीम' आधी तेच म्हणतात. चुकलं तर चुकलं म्हणणारा माणूस आहे, म्हणूनच तर आम्ही त्याचं ऐकतो.

*

या जानेवारीची खेप हवालदारांची शेवटची होती. गुडघे गेले, मुलगा पुण्याला घेऊन चालला. यमुनाबाईंच्या गावापाशी आलो तेव्हा हवालदार म्हणाले, "तिचं बरोबर हाय. मीच झाकण धरून उभा होतो." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

थंडी मरणाची होती. हवालदार दारात गेले. "माय, पाणी द्या."

पाच मिनिटं झाली. ते वळले, घरासमोरच्या स्मारकाच्या ओट्यापाशी आले, खिशातून फडकं काढलं. तेवढ्यात मागं कडी वाजली. यमुनाबाई दारात उभ्या होत्या, रिकाम्या हातानं.

"थांबा जरा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आम्ही थांबलो. घरामागून पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, धूर निघाला. मला वाटलं, चहा ठेवला असेल. शालिकला दुपारी लग्न होतं, त्यानं एकदाही घड्याळ पाहिलं नाही. हवालदार फडकं हातात घेऊन सावधानमध्ये उभे.

अर्ध्या तासानं बाई आल्या. कमरेवर बादली, दुसऱ्या हातात तांब्या. बादलीतून वाफा निघत होत्या. हवालदार घ्यायला पुढं झाले, बाईंनी दिली नाही. बादली ओट्यावर ठेवली, पाण्यात बोटं बुडवली आणि चटकन काढली. मग गार पाण्याचा तांब्या हवालदारांच्या हातात दिला.

"विसण टाका थोडं. चटका बसन त्याले."