अप्पांच्या टीव्हीची वॉरंटी

ऑफिसात कुणी मोठा टीव्ही घ्यायला निघालं की चहाच्या वेळी वॉरंटीचा विषय निघतोच. एक म्हणतो, वाढीव वॉरंटी म्हणजे दुकानदाराची वरकमाई. बिघडायचा तो टीव्ही कंपनीच्या पहिल्या वर्षातच बिघडतो. दुसरा म्हणतो, पॅनल गेला तर नवा घेतल्यासारखंच, तेव्हा घ्यावी. मग सगळे माझ्याकडे वळतात, कारण हिशेबाचं काम माझं. मी कप घेऊन उठतो. हा हिशेब मी एकदा केला होता, बीदरच्या एका दुकानात, माझे वडील, अप्पा, शेजारी उभे असताना. अजून बायकोलाही सांगितलेला नाही.

त्याच्या थोडं आधी अप्पांना मी हैदराबादला, माझ्या नोकरीच्या गावी, मोठ्या डॉक्टरांना दाखवलं होतं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. काळजाचं पंपिंग फार कमी झालंय, वर्षभर धरून चला, म्हणाले. बाहेर बाकावर अप्पा चपला काढून मांडी घालून बसले होते. काय म्हणलाय, म्हणून त्यांनी विचारलं. गोळ्या दिल्यात, बरं होशील, म्हणालो. घरी पोचल्यावर सांगू, असं मनाशी ठरवलं. घरी पोचल्यावर आईचा चेहरा बघून ते पुढं ढकललं, आणि ढकलतच राहिलो. सांगता येईना म्हणून टीव्ही घ्यायचं ठरवलं. अप्पांना जंगलातल्या जनावरांचा चॅनल आवडायचा. आवाज बंद करून बघायचे. जुन्या डबड्यात वाघ मांजराएवढा दिसायचा.

गावाजवळच्या चिटगुप्प्याला नको, चांगला घेऊ, म्हणून त्यांना गाडीत घालून बीदरला नेलं. दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले, आणि सगळ्यांवर एकच समुद्र, एकच मासे. अप्पा मागे हात बांधून मासे बघत राहिले. विकणारा चाळिशीतला, तेलंगणातल्या झहीराबादकडचा होता. आधी हिंदीत बोलला, मग मी हैदराबादला असतो म्हटल्यावर तेलुगूवर आला. टीव्ही ठरला. मग त्याने वाढीव वॉरंटी काढली. आणखी तीन वर्षं घ्या, अण्णा, पॅनल फार नाजूक असतो, नंतर पस्तावाल. मी नको म्हटलं. तो सोडेना. घरी अप्पा मराठी बोलायचे, बाजारात कानडी, शेजाऱ्यांशी दखनी उर्दू. तेलुगू तेवढं माझं एकट्याचं, अशी माझी समजूत. त्याला गप्प करायला मी तेलुगूत सांगून टाकलं की टीव्ही वडिलांसाठी आहे, डॉक्टरांनी त्यांना एकच वर्ष दिलंय, कंपनीची वॉरंटी तेवढ्याला पुरते.

त्याने वॉरंटीचा कागद परत खणात ठेवला. मला हलकं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. इतके दिवस पोटात ठेवलेलं कुणाला तरी सांगितलं होतं. अप्पांची नजर माशांवरच होती.

पावती झाल्यावर मी म्हणालो, "तो जादा वॉरंटी द्यायला बघत होता. नको म्हणलो."

"बरं केलास," अप्पा म्हणाले. "जास्तीचं कशाला."

परतताना टीव्हीचं खोकं मागच्या सीटवर आडवं होतं. अप्पा कधी हॉटेलात चहा पीत नसत. त्या दिवशी म्हणाले, थांब, चहा घेऊ. बसलो. कप रिकामा होईपर्यंत ते माझ्याकडे बघत होते आणि मी फोनकडे. पुढं दहा-बारा मैलांवर परत म्हणाले, चहा घेऊ. मी चिडलो. टीव्ही उन्हात तापायलाय, म्हणालो. तरी थांबलो. तिथंही आम्ही पावसापाण्याचंच बोललो.

नंतर अप्पांनी वाटण्या उरकल्या. बैलजोडी भाच्याला दिली. गाणगापूरला जाऊन आले. आई फोनवर म्हणायची, टीव्ही आल्यापासून गडी हुशार झालाय, भाकरी बी नीट खायलाय. मला ते खरं वाटायचं. खरं वाटून घ्यायला बरं होतं.

वर्ष सरलं. अप्पा होते. टीव्ही मात्र उजव्या अंगाला निम्मा काळा पडला. चिटगुप्प्याचा मेकॅनिक बघून म्हणाला, पॅनल गेला. मी सुट्टीवर गेलो तेव्हा अप्पा उरलेल्या निम्म्यात हरणं बघत बसले होते. दुसरा आणतो म्हटलं.

"कामून? निम्मं दिसायलंय की. वाघ तिकडल्या अंधारात गेला की हरिण मेलेलं दिसत न्हाई. ब्येस हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्याची बी मुदत सरली अन् माझी बी. बघू आता कोन फुडं जातंय."

आई म्हणाली, अभद्र बोलू नका. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या पायांवर सूज चढली, धाप लागायला लागली. हैदराबादला दवाखान्यात ठेवलं. संध्याकाळी मी औषधं घेऊन वर आलो, तर अप्पा नर्सशी बोलत होते. ती वरंगळकडची होती. तिच्या घरी मेंढरं किती, असं ते विचारत होते. तेलुगूत. अडखळत नव्हते. मी दारातच थांबलो.

"अप्पा, तुला तेलुगू येतंय?"

"मिसरूड फुटायच्या आदी मेंढरं घिऊन तिकडंच जात होतो की दरसाल. तू कवा इचारलास?"

विचारलं नव्हतंच. उलट लग्नाच्या वेळी सासरच्या माणसांपुढं मेंढरांचं काही काढू नको, असं मीच त्यांना बजावलं होतं. त्यानंतर त्यांनी कुणापुढंच काढलं नाही.

"म्हंजे दुकानात..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"दोन डाव चहाला थांबविलो तुला," ते म्हणाले. "वाटलं, आता सांगशील. मग रोज वाटायचं, फोन आला की सांगशील." थोडा दम घेतला. "आता तरी सांग. काय म्हणलाय डॉक्टर?"

डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, घरी न्यायचं असेल तर उद्या न्या. मी औषधाची पिशवी खाली ठेवली. त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

"बरं होशील, अप्पा," मी म्हणालो.

ते रागावले नाहीत. थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि मान नर्सकडे वळवून तेच तेलुगूत विचारलं. ती आधी माझ्याकडे बघायला लागली. मग स्टूल ओढून बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात सांगितलं. ते बारीकसारीक विचारत होते. झोपेत होईल का. गाडीतला प्रवास सोसेल का. मला शब्द न् शब्द कळत होता. मी मशीनवरच्या हिरव्या रेघेकडे बघत उभा होतो.

ती म्हणाली, घरी न्यायचं तर मुलाशी बोला, तो इथंच आहे.

"त्याला जमत नाही," अप्पा तिला म्हणाले, तेलुगूतच.