गोष्ट म्हणून नको

“गोष्ट म्हणून छापतो, बाई. नावं बदला, गाव बदला, वर ‘कथा’ असं टाका. वाचक डोक्यावर घेतील,” संपादक म्हणाले आणि माझा लेख त्यांनी टेबलावरून माझ्याकडं सरकवला.

मी म्हटलं, “गोष्ट कसली? चार दिवसांपूर्वी घडलंय.”

लढाईचे दिवस होते. सांगलीच्या एका साप्ताहिकात मी प्रुफं तपासायची. म्हणजे छापण्याआधी जी कच्ची प्रत निघते ती वाचून चुका काढायच्या. बाईमाणूस छापखान्यात बसतं याचंच गावाला अप्रूप, आणि मला तर लिहायचं होतं. संपादकांनी शिकवलंही, खोटं कशाला बोलू? डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा. ‘बिचारी’, ‘हृदयद्रावक’ असले शब्द खोडा. प्रसंग गोष्टीसारखा उभा करा, पण पदरचं काही घालू नका. हे सगळं मी मन लावून शिकले आणि तिथंच त्यांची पंचाईत झाली.

झालं होतं असं. मी माहेरी गेले होते, पूर्वेकडच्या दुष्काळी भागात. जवळच्या जहागिरीत बायजा नावाच्या धनगर बाईची मेंढरं कोंडवाड्यात घातल्याचं कानावर आलं. तिकडं पीक निघालं की शेतकरी मेंढरं रात्रीची रानात बसवून घेतात. लेंड्यांचं खत मिळतं, त्याबदली धनगराला धान्य देतात. जहागिरीच्या कारभाऱ्याला बायजाची मेंढरं आणखी काही दिवस आपल्याच रानात हवी होती. तिनं शेजारच्या शेतकऱ्याला शब्द दिलेला, ती उठून तिकडं गेली. झालं. मेंढरांनी उभा जोंधळा खाल्ला असा कारभाऱ्यानं बोभाटा केला आणि सगळी मेंढरं कोंडवाड्यात घातली. येत्या बाजारी लिलाव ठरला.

मी रान पाहायला गेले. जोंधळा कधीच काढलेला होता. नुसती धसकटं उरली होती, तीही वाळून कडक झालेली. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. मग बायजाकडं गेले. ती कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून तंबाखू मळत बसली होती. रडत बिडत नव्हती. मी लिहिते, पण तुझं नाव घालत नाही, उगीच तुला त्रास नको, असं मी शहाण्यासारखं म्हटलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला लाजच वाटली.

“नाव घाला. माझं बी आन त्याचं बी,” ती म्हणाली. “नाव न्हाई तर म्येंढरं कुनाची म्हनून सोडायची?”

मी दोन्ही नावं घातली. जहागिरीच्या जाहिराती आमच्या पहिल्या पानावर यायच्या, त्यामुळं संपादकांना ती दोन्ही नावं टोचली. मग मला ‘कथे’चं आमिष. लोक हळहळतील, कुणी दुखावणार नाही, तुमचंही नाव होईल, वगैरे वगैरे. मी म्हटलं, लोक हळहळत बसतील आणि तिकडं मेंढरं विकली जातील. मग मात्र ते चिडले. हा लेख दुसरीकडं कुठं छापून आला तर परत या खुर्चीवर बसायचं नाही, म्हणाले. मी लेख पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिस मोटारीनं सातारा गाठलं.

तिथल्या एका वर्तमानपत्राच्या संपादकांना लेख भलताच आवडला. जहागीर त्यांच्या वाटेत येत नव्हती, त्यामुळं धीरही दांडगा. नावं ठेवतो म्हणाले. मला हायसं वाटतंय तोच त्यांनी तांबडी पेन्सिल उचलली.

“एखादं कोकरू मरू द्या की. कोंडवाड्यात, तहानेनं. आणि बाईनं हंबरडा फोडलाय असं घाला.”

“कोकरू मेलेलं नाही.”

“मरेल हो आज ना उद्या.”

“मग मेल्यावर लिहीन. आणि ती बाई रडली नाही. ती चिडलीय.”

तुम्हाला ललित लिहिता येत नाही, असा शेरा त्यांनी मारला. मी लेख परत मागितला. त्यांनी दिला नाही. तो पुन्हा एकदा सबंध वाचून काढला, मग पेन्सिल खाली ठेवली आणि तसाच कंपोझला पाठवला.

पुढचं मला त्या शेजारच्या शेतकऱ्यानं सांगितलं. अंक जहागिरीतल्या, कारभाऱ्याच्याही वरच्या साहेबाच्या हाती पडला. बाजाराच्या आदल्या दिवशी साहेब अंक घेऊन रानात उभा. एका बाईनं रचलेलं कुभांड आहे, कारभारी म्हणाला. यातलं खोटं काय ते दाखव, साहेब म्हणाला आणि एकेक वाक्य वाचू लागला. धसकटं होती. शेजारचा शेतकरी तिथंच उभा होता. कोंडवाड्यात झाडून सगळी मेंढरं जिवंत होती. कारभाऱ्याला बोट ठेवायला एक वाक्य सापडेना. संध्याकाळच्या आत बायजा मेंढरं घेऊन चालू लागली.

माझी सांगलीची खुर्ची गेली, ती गेलीच. माझे जुने संपादक पुढं कधी भेटले की म्हणायचे, बाई, कथा फार सुंदर झाली असती हो. झाली असती, मी कुठं नाही म्हणते? पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं वाचक नव्हता, तो कारभारी होता. खरं लिहिणाऱ्यानं आपला लेख आधी त्याच्या नजरेनं वाचावा. त्याच्याइतकं बारकाईनं दुसरं कुणी वाचत नाही.