मी बंद पाडलेलं कोर्ट

चहा गार झाला तरी चालेल, पण आधी हे ऐका. आणीबाणीत संसदेनं हायकोर्टांचे हात बांधले, हे तुम्हाला माहीत असेल. पण त्याच सुमाराला तालुक्याचं अख्खं कोर्ट मी एकट्यानं बंद पाडलं, ते कुठं माहीत आहे?

माझी वकिली नवी, काळा कोट सांगलीत शिवलेला, आणि पहिला दावा सख्ख्या चुलत्यांचा. तात्या फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. सामाईक विहिरीवर भावकीनं इंजिन बसवलं आणि तात्यांची पाण्याची पाळी बंद केली. आटपाडीकडची जमीन ती. पाळी गेली की रान गेलंच!

आणि मी काय करावं? पारावर व्याख्यान! "संसदेनं घटनाच बदलली. दिल्लीचा कायदा रद्द करायचा अधिकार आता हायकोर्टाला राहिला नाही!" माणसं गंभीर झाली. तात्यांनी तर टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, वा, काय बोललो मी!

पुढच्या तारखेला तात्यांची साक्ष. पुकारा झाला, तात्या नाहीत. मुदत आधीच मागून झालेली. जजसाहेबांनी दावा काढून टाकला. मी एस.टी.नं गाव गाठलं, तर तात्या निवांत दोर वळत बसलेले.

"आवं तात्या, आज साक्ष व्हती की!"

"कोर्ट हाय कुठं आता? अधिकार काढून घेतलं म्हणून तूच सांगितलंस न्हवं?"

"ते हायकोर्टाचं! तेबी दिल्लीच्या कायद्यापुरतं!"

"आरं गड्या, हेडक्वार्टरचीच बंदूक काढून घेतल्यावर खालची चौकी राहती व्हय? आमी नव्या हुकमाची वाट बघत बसलो."

दावा गेला म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांचे हात थांबले. "मग पाणी?" एवढंच विचारलं. खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काढून टाकलेला दावा पुन्हा चालू करावा म्हणून अर्ज दिला. त्याला गैरहजेरीचं सबळ कारण लागतं. मी घाम पुसत पुस्तकं चाळतोय, तोवर साहेबांनी तात्यांनाच विचारलं, "का आला नाहीत?"

तात्या सावधानमध्ये उभे. "कोर्टाचं अधिकार गेलं असं कळलं, साहेब."

"कुणी सांगितलं?"

तात्यांनी मोठ्या अभिमानानं माझ्याकडं बोट केलं. "ह्या आमच्या वकिलानं!"

कोर्टात कुणी हसलं नाही, हे आणखीच वाईट. साहेबांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि शांतपणे हुकूम सांगितला, "वादीनं आपल्या वकिलाचं ऐकलं. गैरहजेरीला एवढं कारण पुरेसं आहे. अर्ज मंजूर."

माझ्या वकिलीतला जिंकलेला पहिला अर्ज तो!